खोक्यातलं कार्ड पुन्हा पुन्हा चुकीचं जोखताय? विकण्याआधी हे तपासा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या आमच्या टोळक्यात जुन्या कार्डांची खोकी माझ्याकडे येतात. घर बदलताना, लग्न ठरल्यावर किंवा आईने माळा साफ करायला काढला की कुणी ना कुणी पिशवी आणून ठेवतो: “बघ रे, यात काही आहे का, नाहीतर रद्दीत.” त्या पिशव्या उपसताना एकच बिघाड, म्हणजे कार्ड चुकीचं जोखणं, इतक्यांदा दुरुस्त केलाय, आणि स्वतःही इतक्यांदा केलाय, की आता तो लिहूनच ठेवतो.

लक्षणं

- समोरचा एक कार्ड टाकतो. तुम्ही ते मागून घेता, तीनदा वाचता, आणि मग आठवतं की हेच कार्ड घरी बुटाच्या खोक्यात रबरबँड लावून पडलंय.
- नवा सेट (नव्या कार्डांचा संच) आला की तुमचा शेरा एका वाक्यात तयार असतो: “हे तर अमक्याचं भिकार रूप.”
- कार्डाचा भाव वाढल्यावरच ते तुम्हाला चांगलं दिसायला लागतं.
- किंवा अगदी उलट. दर सेटमध्ये तुम्हाला एक छुपा रुस्तम सापडतो, त्याच्याभोवती तुम्ही डेक (खेळायचा गठ्ठा) बांधता आणि सगळे राऊंड हरून घरी येता. हाही तोच बिघाड आहे.

दोन लक्षणं जुळली तरी पुढे वाचा.

मूळ कुठे असतं ते आधी सांगतो. लहानपणी आपण पैलवानांचे ट्रम्प कार्ड खेळायचो. वर मोठ्या अक्षरात रँक, खाली उंची, वजन, छाती. नवखा पोरगा पहिल्या दहातले पैलवान जपून ठेवायचा आणि तळाचा रँकवाला कुणी आला की तोंड वाकडं करायचा. पण तो तळाचा गडी वजनात सगळ्यांना लोळवायचा, हे ज्याला कळलं त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत अर्धा गठ्ठा जमलेला असायचा. मॅजिकचं कार्ड वाचतानाही आपली नजर आधी कोपऱ्यातल्या दोन आकड्यांवर (ताकद/टिकाव) जाते, मग वरच्या मानावर, म्हणजे कार्ड टाकायच्या किमतीवर, आणि अटीची ओळ दिसली की हात आपोआप खोक्याकडे वळतो.

१. आजचा मजकूर वाचा (फुकट, दोन मिनिटं)

हातातल्या कार्डावर छापलेला मजकूर अंतिम नसतो. जुन्या कार्डांचे शब्द नियमांप्रमाणे बदलत आलेत, आणि ग्राह्य धरला जातो तो अधिकृत मजकूर, म्हणजे ऑरॅकल टेक्स्ट. तो गॅदरर किंवा स्क्रायफॉल या वेबसाइटवर कार्डाचं नाव टाकलं की मिळतो.

हे पहिलं का, याचं उदाहरण म्हणजे १९९६ च्या मिराज सेटमधलं फ्लॅश. दोन मानांत हातातला क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, टेबलावर आणा, त्याची उरलेली किंमत भरा, नाही भरली तर तो बळी द्या. मधली बरीच वर्षं अधिकृत मजकूर असा होता की किंमत न भरता क्रीचर टेबलावर यायचाच नाही. २००७ मध्ये मजकूर पुन्हा छापील अर्थाकडे आणला गेला, आणि लोकांच्या लक्षात आलं की आता क्रीचर क्षणभर येतो आणि मरतो. प्रोटियन हल्क हा क्रीचर तर मेल्यावरच कामाला लागतो, डेकमधून दुसरे क्रीचर थेट टेबलावर आणतो. त्याच मे महिन्यात कोलंबसची ग्रां प्री (मोठी स्पर्धा) याच जोडीच्या डेकने जिंकली आणि काही आठवड्यांत लेगसी या खेळप्रकारात फ्लॅशवर बंदी आली. कार्डाचा कागद अकरा वर्षं तोच होता.

वाचताना ‘तुम्ही’ आणि ‘प्रत्येक खेळाडू’ यातला फरक बघा. ‘टार्गेट’ शब्द आहे की नाही बघा. ‘करू शकता’ आहे की ‘करा’ आहे हेही बघा. आमच्याकडची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

२. अटीच्या ओळीवर बोट ठेवा (फुकट, पण इथे घाई करू नका)

सगळ्यात जास्त कार्डं इथे सापडतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

माझी सवय अशी: कार्डावरची वाईट ओळ बोटाने झाकायची. उरलेलं कार्ड फारच भारी वाटलं, तर बोट काढायचं आणि विचारायचं की या ओळीत मी नक्की काय मोजतोय, आणि ते माझ्याकडे पडून आहे का?

नेक्रोपोटन्स घ्या. आईस एज, १९९५. तीन काळे माना. बोट ठेवलं की उरतं: हवी तितकी कार्डं घ्या. बोट काढलं की दिसतं: तुमचा नेहमीचा ड्रॉ (दर टर्नला एक कार्ड घेणं) बंद, प्रत्येक कार्डामागे एक लाइफ, आणि कार्डं हातात येणार टर्नच्या शेवटी. पहिल्यांदा वाचणाऱ्यांना हा आत्मघात वाटला. पण हिशेब असा की २० पैकी १९ लाइफ गेल्या तरी तुम्ही हरलेले नसता. त्या १९ लाइफ बँकेत पडलेल्या ठेवीसारख्या आहेत, आणि हे कार्ड म्हणजे ती ठेव मोडण्याची स्लिप. १९९६ चा उन्हाळा या कार्डामुळे आजही ‘ब्लॅक समर’ म्हणून ओळखला जातो.

स्कलक्लॅम्प तर याहून गमतीदार. डार्कस्टील, २००४. क्रीचरला अडकवायचं कार्ड, एका मानाचं, अडकवायलाही एकच माना. क्रीचरला ताकद एक वाढते, टिकाव एक कमी होतो, आणि तो मेला की दोन कार्डं. टिकाव कमी होणं ही वाईट ओळ वाटते ना? पण १/१ क्रीचरला हे अडकवलं की तो जागच्या जागी मरतो, म्हणजे एका मानाला दोन कार्डं. इथे वाईट ओळच इंजिन आहे. हे बनवणाऱ्यांच्याही नजरेतून निसटलं, आणि जून २००४ मध्ये स्टँडर्ड या खेळप्रकारात बंदी घालायची वेळ आली. त्यांचं असं होतं तर आपलं का होणार नाही, एवढं मनाला सांगून पुढे जा.

आता माझी चूक. डेथ्स शॅडो, २०१० च्या वर्ल्डवेक सेटमधलं. एका काळ्या मानाला १३/१३, पण तुमची जितकी लाइफ तितकं त्यातून वजा. २० लाइफवर टाकलं तर टेबलाला लागायच्या आत मरतं. मी हे वाचलं, हसलो आणि खोक्यात टाकलं. बरीच वर्षं उलटली, आणि एका रविवारी मित्राच्या घरी, चहाचे कप अजून मॅटवरच असताना, हे माझ्यावरच चालून आलं.

त्याच्या पहिल्या टर्नला फेच लँड (लँड म्हणजे माना देणारं कार्ड, आणि फेच म्हणजे स्वतः जाऊन दुसरा लँड आणणारा) फोडला, एक लाइफ. त्यातून शॉक लँड उभा, म्हणजे लगेच वापरता येईल असा, आणला, दोन लाइफ. राहिली १७. थॉटसीझ टाकून माझ्या हातातलं सगळ्यात कामाचं कार्ड काढलं, त्याचे दोन, राहिली १५. मी मनात म्हटलं, हा स्वतःच मरतोय, आपण बसून राहू. दुसऱ्या टर्नला पुन्हा फेच आणि शॉक, १२. स्ट्रीट रेथ दोन लाइफ भरून फेकून दिला, बदल्यात एक कार्ड घेतलं, १०. मग एका मानाला डेथ्स शॅडो: तेरातून दहा गेले, ३/३. उरलेल्या मानाला आणखी एक थॉटसीझ, ८ लाइफ, आणि शॅडो बसल्या जागी ५/५. माझ्या हातात लाइटनिंग बोल्ट (तीनचा मार देणारं कार्ड) होता. क्रीचरवर मारला तर तो मरत नाही, तोंडावर मारला तर क्रीचर आणखी तीनने वाढतो. मी बोल्ट हातातच धरून बसलो. तो म्हणाला, “मार की.”

यात शिकण्यासारखं हे की त्याच्या डेकमधली लाइफ खाणारी कार्डं त्याला तशीही हवीच होती. फेच, शॉक, थॉटसीझ ही मॉडर्न या खेळप्रकारातल्या कितीतरी डेकांत त्या खर्चासकट खेळली जातात. शॅडोने एवढंच केलं की जो खर्च आधीच होत होता त्याची पावती वटवली. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हँकुव्हरची ग्रां प्री याच कार्डाच्या डेकने जिंकली, म्हणजे छपाईनंतर तब्बल सात वर्षांनी.

म्हणून बोट काढल्यावर एकच प्रश्न विचारा: माझा डेक हा खर्च तसाही करतोय का? उत्तर ‘नाही, त्यासाठी मला बारा नवी कार्डं घालावी लागतील’ असं आलं, तर कार्ड परत खोक्यात ठेवा.

३. छापलेली किंमत आणि खरी किंमत (फुकट)

हे पटकन उरकतं. ट्रेझर क्रूझवर आठ माना छापलेत, तीन कार्डं मिळतात. वाचून महाग वाटतं. पण डेल्व्हमुळे ग्रेव्हयार्डमधलं (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातलं) एकेक कार्ड बाजूला काढून एकेक माना वाचतो, आणि स्वस्त मंत्रांच्या डेकमध्ये ग्रेव्हयार्ड आपोआप भरतं, त्यामुळे बऱ्याचदा हे एक-दोन मानांत निघतं. सप्टेंबर २०१४ ला आलं, जानेवारी २०१५ मध्ये मॉडर्न आणि लेगसी दोन्हीत बंद झालं. आणि हो, ते कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्यांपैकी, होतं. सेटच्या चिन्हाचा रंग (तो कार्ड किती दुर्मिळ ते सांगतो) बघून जोखणारे इथे फसले.

४. खेळ कोणता, समोर कोण (फुकट)

साठ कार्डांच्या खेळात २० लाइफ, कमांडर या खेळप्रकारात ४०. डेथ्स शॅडो कमांडरमध्ये टाकून बघा, हात जोडाल. नेक्रोपोटन्स मात्र तिथे आणखी लठ्ठ होतं. तेव्हा ‘हे कार्ड चांगलं आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे, कुठे आणि कुणासमोर ते जोडून विचारा. वन विथ नथिंग नावाचं कार्ड आहे, एका मानाला स्वतःचा सगळा हात फेकून द्यायचा, बस. जगातलं सगळ्यात वाईट कार्ड म्हणून त्याची ख्याती. पण समोरच्याला कार्डांनी गुदमरवून, हातात जितकी कार्डं जास्त तितका मार देणारा डेक जोरात असताना काहींनी ते साइडबोर्डमध्ये (राखीव कार्डांत) ठेवलं होतं.

५. कार्डानंतर काय काय आलं ते शोधा (एक संध्याकाळ)

कार्ड बदलत नाही, पण त्याच्या शेजारी नवं कुणीतरी राहायला येतं.

डार्क डेप्थ्स, २००६ च्या कोल्डस्नॅपमधला लँड. दहा बर्फाचे काउंटर (कार्डावर ठेवायच्या मोजणीच्या खुणा) घेऊन येतो, तीन माना भरले की एक काउंटर निघतो. सगळे निघाले की २०/२०, उडणारी आणि नष्ट न होणारी ‘मारीत लाग’ नावाची क्रीचर. तीस माना! एवढ्यात समोरचा तीनदा जिंकून जेवून येतो. मग २००९ च्या झेंडिकारमध्ये व्हँपायर हेक्समेज आला: दोन मानांचा, स्वतःचा बळी देऊन एखाद्या पर्मनंटवरचे (टेबलावर राहणाऱ्या कार्डावरचे) सगळे काउंटर काढणारा. तीस मानांचं काम दोन मानांत झालं.

गोष्ट तिथेच संपत नाही. २०१३ मध्ये थेस्पियन्स स्टेज आला, दुसऱ्या लँडची नक्कल करणारा लँड. तो डार्क डेप्थ्सची नक्कल झाला की त्यावर काउंटर नसतातच, कारण काउंटर येतात ते टेबलावर प्रवेश करताना. पण डार्क डेप्थ्स ‘लेजंडरी’ आहे, आणि जुन्या नियमात एकाच नावाची दोन लेजंडरी कार्डं एकत्र आली की दोन्ही जायची. त्याच वर्षी जुलैत नियम बदलला, दोघांतलं एक तुम्ही निवडून ठेवायचं. नक्कल ठेवली, मूळ गेलं, आणि समोर २०/२० उभी. तेव्हा सेटची यादी वाचता तशी नियमबदलांची टिपणंही वाचत जा. कंटाळवाणी असतात, खरंय.

शोधायचं कसं? कार्डाचं नाव टाकून नाही. तुमच्या कार्डाला काय अडतंय ते क्रियापदात लिहा: ‘काउंटर काढणारं’, ‘हात रिकामा असताना चालणारं’, ‘मेल्यावर काम करणारं’. मग ते शब्द इंग्रजीत स्क्रायफॉलच्या मजकूर-शोधात टाका. लायन्स आय डायमंड याच वाटेने वर आलं. फुकट टाकायचं, फोडलं की तीन माना, पण त्याआधी हातातली सगळी कार्डं जातात. मिराजच्या काळात ही ब्लॅक लोटसची (फुकटात तीन माना देणाऱ्या प्रसिद्ध कार्डाची) चेष्टा वाटायची. पुढे इन्फर्नल ट्यूटर आलं, जे हात रिकामा असेल तर डेकमधलं हवं ते कार्ड काढून देतं. आधी ट्यूटर टाकायचं, ते अजून लागू व्हायचं असताना डायमंड फोडायचा: हात रिकामा, तीन माना तरंगताहेत, आणि ट्यूटर मागाल ते देतंय.

६. गणित (कागद-पेन्सिल)

छुपा रुस्तमवाल्यांनी हे वगळू नये. साठच्या डेकमध्ये एका कार्डाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात कार्डांत निदान एक असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. दोन कार्डांची जोडी हवी, दोन्हीच्या चार-चार प्रती, तर सात कार्डांत दोन्ही असण्याची शक्यता १४.५ टक्के. तुम्ही आधी खेळत असाल तर चौथ्या टर्नपर्यंत दहा कार्डं बघता, तेव्हाही २६.५ टक्केच. म्हणजे चारातल्या तीन डावांत जोडी जमलेली नसते. त्या तीन डावांत हे कार्ड एकटं काय करतं? हेक्समेज निदान २/१ फर्स्ट स्ट्राइक (आधी मार देणारा) आहे, दारात उभा राहतो. स्टेज निदान लँड आहे, माना देतो. तुमच्या रत्नाचं काय?

कमांडरमध्ये तर एकच प्रत. ९९ कार्डांतून पहिल्या सातात ती येण्याची शक्यता सात टक्के.

७. चिठ्ठी लावून खेळा (दोन रविवार)

स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात) साधा लँड, त्यापुढे नाव लिहिलेली चिठ्ठी. घरच्या खेळाला एवढं पुरतं. अधिकृत स्पर्धेत असली चिठ्ठी चालत नाही, तिथे घेऊन जाऊ नका. अरेनावर (मॅजिकच्या ऑनलाइन खेळात) वाइल्डकार्ड (हवं ते कार्ड मिळवून देणारं) मोडून बघू म्हणाल, तर एकदा वापरलेलं वाइल्डकार्ड परत मिळत नाही. कागद स्वस्त आहे.

आणि जिंकलो-हरलो मोजू नका. दहापैकी सहा जिंकलात म्हणजे काही सिद्ध झालं नाही. नाणं दहा वेळा उडवलं तरी सहा किंवा जास्त छापे येण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याऐवजी कार्ड हातात आलं की प्रत्येक वेळी वहीत एक खूण करा: या जागी दुसरं कुठलं कार्ड असतं तर बरं झालं असतं का? वीस खुणांपैकी बारा-तेरा ‘हो’ आल्या की माझ्यापुरता विषय संपतो. हा आकडा माझा अंदाज आहे, पण मला त्याने बरंच वाचवलंय.

८. विकत घेणं

सगळ्यात शेवटी, आणि आधी एकच प्रत. बाहेरून मागवताना बऱ्याचदा शिपिंग कार्डाहून जड पडतं, तेव्हा मित्रांच्या खोक्यांत आधी विचारा. माझ्याकडे तर विचाराच.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

*नियमाचा प्रश्न असेल तर जज, म्हणजे खेळाचे पंच.* स्पर्धेत हात वर करून जजला बोलवण्यात कमीपणा नाही, ते त्यासाठीच असतात. आमच्यातल्या एकाने डायमंडचा डेक बांधला होता या समजुतीवर, की हातातलं कार्ड टाकतो म्हणायचं आणि त्याची किंमत भरताना डायमंड फोडायचा. डायमंडच्या अधिकृत मजकुरात स्पष्ट आहे की इन्स्टंट (झटपट टाकायचं कार्ड) टाकता येईल तेव्हाच ते वापरायचं, आणि दुसरं कार्ड टाकायची प्रक्रिया चालू असताना इन्स्टंट टाकता येत नाही. सगळा डेक या एका ओळीवर उभा होता. महिनाभर घरात कुणीच अडवलं नाही. आधीच एखाद्या जजला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

*जुनं आणि महाग निघालं तर खात्रीचा विक्रेता किंवा ग्रेडिंग करणारे (कार्ड तपासून दर्जा देणारे).* खोक्यात खरोखरच लायन्स आय डायमंड निघालं तर वाकवून बघणं, पाणी लावून बघणं हे घरगुती उद्योग करू नका. अस्सल असेल तर तुम्ही स्वतःच त्याची अवस्था बिघडवाल. स्लीव्हमध्ये घाला, कडक खोळीत ठेवा, आणि ज्याने अशी शेकडो हाताळलीत त्याला दाखवा. ज्याला विकायचं त्यालाच भाव विचारू नका, एवढं व्यवहारज्ञान ठेवा.

*दोन संध्याकाळी गेल्या आणि जोडीदार सापडला नाही* तर तुमच्याहून वरच्या पातळीवर खेळणाऱ्या एकाला डेकची यादी दाखवा. “कार्ड कसंय” असं विचारू नका, तो ‘भारी आहे’ म्हणून सुटेल. “हे काढून तू काय घालशील?” असं विचारा. तो क्षणात उत्तर देऊ शकला, तर कार्ड काढा.

नापास झालेलं कार्ड मी विकत नाही, पण तसंच टाकूनही देत नाही. स्लीव्हमध्ये मागे एक चिठ्ठी सरकवतो: तारीख, आणि काय आलं तर हे चालेल ते तीन-चार शब्दांत. नवा सेट आला की फक्त चिठ्ठ्या वाचायच्या, कार्डं नाही. एका वन विथ नथिंगच्या मागे कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय, “काहीही आलं तरी नाही.” अक्षर माझं नाही.